आगगाडीच्या अंगावरील अक्षरे : मालकी, वर्ग आणि लिपी

इतिहासाच्या अभ्यासात शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि मुद्रा यांना आपण प्राथमिक साधने म्हणतो. दगडावर किंवा धातूवर उमटलेले अक्षर कोणीतरी, कोणासाठी तरी, काही हेतू मनात धरून लिहिलेले असते. म्हणून ते आपल्या काळाची साक्ष देते. हीच दृष्टी ठेवून आगगाडीकडे पाहिले, तर तिच्या अंगावरील अक्षरेही इतिहासाचे साधन ठरतात. इंजिनाच्या बाजूवरील पितळी पाटी, टेंडरवर रंगवलेली कंपनीची आद्याक्षरे, डब्याच्या दारावरील वर्गाचा आकडा, आत लिहिलेली प्रवासीसंख्या, मालवाघिणीवरील लांबलचक क्रमांक हे सारे एका अर्थी चालतेफिरते कोरीव लेखच आहेत.

कोणताही कोरीव लेख समोर आला की अभ्यासक तीन प्रश्न विचारतो. हा लेख कोणाचा? तो काय ठरवून देतो? आणि तो कोणी वाचावा अशी लिहिणाऱ्याची अपेक्षा होती? रेल्वेवरील अक्षरांना हेच तीन प्रश्न विचारण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. नंदुरबार जिल्ह्यातील घराघरांतून कोणी ना कोणी सुरत-जळगाव मार्गावरील गाडीने प्रवास केलेला असतो. कोणी मजुरीसाठी, कोणी शिक्षणासाठी, कोणी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी. ज्या डब्यात आपण बसतो त्याच्यावर काय लिहिले आहे आणि ते तसे का लिहिले गेले, हे समजून घेणे हा आपल्याच सामाजिक इतिहासाचा एक धडा आहे.

१. तापीच्या खोऱ्यातील लोहमार्ग

खानदेशात रेल्वे प्रथम आली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीची. लोकांच्या तोंडी ती 'जी.आय.पी.' झाली. १८६० नंतरच्या दशकात तिचा मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा पूर्व खानदेशातून गेला. नंदुरबार-नवापूरचा पश्चिम पट्टा त्यानंतरही दीर्घकाळ लोहमार्गाविना राहिला. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून अमळनेरपर्यंत येणारा मार्ग 'तापी व्हॅली रेल्वे' या स्वतंत्र कंपनीने बांधला आणि तो १९०० च्या सुमारास पूर्ण झाला. त्यावर गाड्या चालवण्याचे काम मात्र बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या मोठ्या कंपनीकडे होते. अमळनेर ते जळगाव हा पुढचा तुकडा जी.आय.पी.चा होता. म्हणजे सुरतेहून जळगावला जाणारा प्रवासी एकाच खोऱ्यात तीन कंपन्यांच्या नावांखालून जात असे.

या कंपन्यांची नावे इतकी लांब होती की ती पूर्ण लिहिणे अवघड होते. अमेरिकेत डब्याच्या खिडक्यांच्या वर एक लांब पट्टी राखलेली असे आणि तिच्यावर कंपनीचे पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत होती. भारतात आद्याक्षरांची पद्धत रुळली. तीन, चार किंवा पाच रोमन अक्षरे टेंडरवर आणि डब्याच्या बाजूवर येत. ज्यांना रोमन लिपी येत नव्हती त्यांनीही ती कानाने उचलली आणि 'जीआयपी', 'बीबीसीआय' हे मराठीतले शब्दच झाले. लेखन एका लिपीत आणि उच्चार दुसऱ्याच समाजाच्या तोंडी, असा हा प्रकार होता.

या अक्षरांचा पहिला अर्थ मालकी हा होता. एका कंपनीची वाघीण दुसऱ्या कंपनीच्या मार्गावर गेली, तर ती कोणाची, तिचे भाडे कोणाला द्यायचे आणि ती परत कोठे पाठवायची, हे त्या अक्षरांवरून ठरे. पुढे १९२५ मध्ये जी.आय.पी.चा कारभार सरकारकडे आला, १९४२ मध्ये बी.बी.सी.आय.चा आला आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे व पश्चिम रेल्वे अस्तित्वात आल्या. नंदुरबारचा मार्ग पश्चिम रेल्वेत राहिला. मालक बदलला म्हणजे टेंडरवरची अक्षरे पुसून नवी लिहिणे आलेच. त्यामुळे जुन्या छायाचित्राचा काळ ठरवताना इंजिनावरील आद्याक्षरे हा अभ्यासकाचा पहिला आधार असतो.

२. इंजिनावरील नाव, पाटी आणि रंगकाम

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी तीन इंजिनांनी ओढली. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान अशी सांगितली जातात. त्याआधी १८५२ मध्ये मार्गाच्या बांधकामासाठी आलेल्या इंजिनाला तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांचे नाव मिळाले होते. सत्ता कोणाची, हे यंत्राच्या नावावरूनच कळावे, अशी ही योजना होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत विजेवर चालणारी पहिली गाडी धावली. त्यानंतर जी.आय.पी.ने घाटासाठी आणि प्रवासी गाड्यांसाठी आणलेल्या विद्युत इंजिनांपैकी एकावर सर लेस्ली विल्सन आणि दुसऱ्या एकावर सर रॉजर लमली या मुंबईच्या गव्हर्नरांची नावे आली. ही दोन्ही इंजिने दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केलेली आहेत. ज्यांनी घाट फोडला, रूळ टाकले, कोळसा ओढला त्यांची नावे मात्र कोणत्याही पाटीवर आली नाहीत.

स्वातंत्र्यानंतर नावे बदलली. चित्तरंजन येथील कारखान्यातून १९५० मध्ये बाहेर पडलेले पहिले वाफेचे इंजिन 'देशबंधु' होते. १९६१ मध्ये तेथेच तयार झालेल्या पहिल्या विद्युत इंजिनाचे नाव 'लोकमान्य' ठेवले गेले. १९७० मध्ये तेथे बनलेल्या शेवटच्या ब्रॉडगेज वाफेच्या इंजिनाला 'अंतिम सितारा' असे नाव देण्यात आले. गव्हर्नरांच्या जागी राष्ट्रीय पुढारी आले, हे परिवर्तन त्या पाट्यांवरून स्पष्ट वाचता येते.

नावाच्या पाटीखेरीज इंजिनावर आणखी एक लहान धातूची पाटी असे. ती कारखानदाराची. इंजिन कोठे बनले, त्या कारखान्यातील त्याचा अनुक्रमांक कोणता आणि वर्ष कोणते, एवढे तिच्यावर असे. व्हल्कन फाउंड्री, मँचेस्टरची बेयर पीकॉक, लीड्सची किटसन, ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश, अमेरिकेची बाल्डविन ही नावे भारतभरच्या इंजिनांवर दिसत. इतिहासाच्या दृष्टीने ही पाटी सर्वांत विश्वासार्ह असते. कारण रंगवलेला क्रमांक मालकाबरोबर बदलतो, ओतीव पाटी सहसा बदलत नाही. भारतासाठी लागणारी बहुतेक इंजिने दीर्घकाळ परदेशातून का आणली गेली, या आर्थिक प्रश्नाचे उत्तरही त्या पाट्यांतच आहे.

क्रमांक आणि नावे ओतीव धातूची का करीत, यामागेही व्यावहारिक कारण होते. वाफेच्या इंजिनावर काजळी, तेल, उष्णता आणि पाऊस यांचा सतत मारा होई. रंगवलेले अक्षर काही काळात पुसट होई. पितळेचे अक्षर चोळले की पुन्हा लखलखे. टेंडरची बाजू मात्र मोठी असल्याने तेथे रंगाचीच अक्षरे लिहीत. ती लिहिण्याची रीत आपल्याकडच्या रांगोळीच्या छाप्यासारखी होती. जाड कागदावर अक्षराची बाह्यरेषा काढून तिच्यावर बारीक छिद्रे पाडत, कागद पत्र्यावर धरून खडूची भुकटी थोपटत आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून लांब केसांच्या कुंचल्याने अक्षर भरत. हात थरथरू नये म्हणून मनगटाखाली टेकूची काठी धरत. अक्षराच्या एका अंगाला आणि खाली गडद छटा देत. त्यामुळे सपाट पत्र्यावरचे अक्षर उठावदार दिसे आणि दुरूनही ओळखू येई. शेवटी वर रोगणाचा हात फिरवला जाई.

विसाव्या शतकात ही अक्षरे साधी होत गेली. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी एडवर्ड जॉन्स्टन यांनी १९१६ मध्ये टोके-फुलोरा नसलेली स्वच्छ अक्षरे तयार केली. ब्रिटनच्या एका मोठ्या रेल्वे कंपनीने १९२९ पासून एरिक गिल यांची तशीच साधी अक्षरे स्वीकारली. १९६५ मध्ये जॉक किनीर आणि मार्गारेट कॅलव्हर्ट यांनी ब्रिटिश रेल्वेसाठी नवी वर्णमाला रचली. छटा गेली, सोनेरी कडा गेली, एकसारख्या जाडीची रेघ राहिली. घाईत असलेल्या माणसाला चटकन वाचता यावे, हा या बदलामागचा विचार होता. अक्षराची शोभा कंपनीच्या वैभवासाठी होती. अक्षराचा साधेपणा प्रवाशासाठी आला.

३. डब्यावरील वर्ग

प्रवासी डब्यावरील अक्षरे अधिक कठोर होती. पहिला, दुसरा, मधला म्हणजे 'इंटर' आणि तिसरा असे वर्ग होते आणि दारावर रोमन अंकांत किंवा शब्दांत वर्ग लिहिलेला असे. रोमन तीन म्हणजे तीन उभ्या रेघा. ज्याला एकही लिपी येत नाही त्यालाही रेघा मोजता येतात. आपली जागा कोणती, हे निरक्षराला कळावे याची सोय या आकड्यात आपोआपच होती. काही डबे व कप्पे युरोपियनांसाठी राखीव असत आणि तशी पाटी त्यांवर असे. तेथे तिकिटाच्या पैशापेक्षा कातडीचा रंग मोठा ठरे.

याच डब्यांवर कायद्याने आणलेले दुसऱ्या प्रकारचे अक्षरही होते. १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याच्या ६३ व्या कलमाने प्रत्येक कप्प्यात जास्तीत जास्त किती प्रवासी बसवायचे ती संख्या ठरवणे बंधनकारक केले. ती संख्या कप्प्याच्या आत किंवा बाहेर ठळकपणे, इंग्रजीत किंवा त्या मुलखातील प्रचलित देशी भाषांत अथवा दोन्हींत लिहावी, असेही त्या कलमात म्हटले होते. ६४ व्या कलमाने प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा स्त्रियांसाठी राखण्यास सांगितले. १०८ व्या कलमाने विनाकारण साखळी ओढणाऱ्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड ठेवला आणि ती सूचना पुढे कित्येक पिढ्यांनी साखळीखाली वाचली.

६३ वे कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. मालकीची आद्याक्षरे मालकाच्या सोयीसाठी होती. प्रवासीसंख्येची सूचना मात्र प्रवाशाच्या हक्काची होती. येथे दहाच माणसे बसतील असे लिहिलेले असताना अकरावा कोंबला जात असेल, तर त्या अक्षराकडे बोट दाखवून तक्रार करता येत होती. पण त्यासाठी ते वाचता यायला हवे. १९०१ च्या खानेसुमारीत देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ५.३५ टक्के होते. ज्यांना शतकानुशतके अक्षरबंदी होती त्या समाजांत ते किती असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. तिसऱ्या वर्गात खचाखच भरलेली माणसे आणि त्यांच्या डोक्यावर त्यांनाच न वाचता येणारा त्यांचा हक्क, असे हे चित्र होते.

४. बाबासाहेबांच्या आयुष्यातील दोन स्थानके

अक्षर वाचता आले म्हणजे सर्व प्रश्न सुटले, असे मात्र झाले नाही. त्याची साक्ष खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणात आहे. १९०१ मध्ये भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीचा मुलगा हे साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघाले. सदर्न मराठा रेल्वेच्या मार्गावरील मसूर स्थानकावर ते उतरले. अंगावर नवे कपडे, हातात तिकीट, शाळेत जाणारी मुले. गाडीत त्यांना कोणी अडवले नाही, कारण गाडीत तिकीट पुरेसे होते. वडिलांना पाठवलेले पत्र त्यांच्या हाती पडले नव्हते, म्हणून न्यायला कोणी आले नाही. स्टेशन मास्तरांनी चौकशी केली आणि मुलांनी आपण महार असल्याचे सांगताच त्यांचा नूर पालटला. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर ती मुले निघाली. वाटेत रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही.

डब्यावर पैशाचा वर्ग लिहिलेला होता; फलाटावर न लिहिलेली जात उभी होती. ज्याचे लेखन कोठेच नाही अशा नियमाविरुद्ध तक्रार तरी कोणत्या अक्षराकडे बोट दाखवून करायची? बाबासाहेबांनी पुढे आयुष्यभर हक्क लेखी स्वरूपात, कायद्यात आणि संविधानात यावेत यासाठी जो झगडा दिला, त्याचे मर्म मसूरच्या फलाटावरही सापडते.

दुसरे स्थानक मनमाड. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तेथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानावरून बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. पोर्टरला स्टेशन मास्तरांच्या घरचेही काम करावे लागते म्हणून ती जागाही त्याला मिळत नाही. कारखान्यात कुशल कारागिराची जागा त्याच्या वाट्याला क्वचितच येते, हे त्यांनी दाखवून दिले. रुळाखालची खडी आमच्या हातची; पण पत्र्यावरचे अक्षर, नोंदवहीतले अक्षर आणि तिकिटावरचे अक्षर दुसऱ्याच्या हातचे, अशी ही वाटणी होती. म्हणून रेल्वेवरील अक्षरांचा इतिहास लिहिताना ते कोणी वाचले याबरोबरच ते कोणाला लिहू दिले, हाही प्रश्न विचारावा लागतो.

५. रेल्वेवर देवनागरी

स्वातंत्र्यानंतर इंजिनावर व डब्यांवर रोमन अक्षरांच्या जोडीला देवनागरी आली. 'म.रे.', 'प.रे.' ही आद्याक्षरे टेंडरवर, केबिनच्या बाजूवर आणि डब्यावर दिसू लागली. अक्षरे देवनागरी झाली तरी आकडे मात्र आंतरराष्ट्रीय रूपातलेच राहिले. याचे कारण संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदात आहे. संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतील हिंदी, परंतु अंक भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपातले, अशी तडजोड संविधान सभेने १४ सप्टेंबर १९४९ रोजी स्वीकारली. या अंकांवर सभेत बराच कडाक्याचा वाद झाला होता. आज प्रत्येक इंजिनाच्या कपाळावर तो निर्णय लिहिलेला आहे.

देवनागरी रंगवणे हे रोमनपेक्षा अवघड काम. रोमन मोठी अक्षरे दोन रेघांच्या मधे बसतात. देवनागरीला शिरोरेखेच्या वर मात्रा-वेलांटीची आणि खाली उकाराची जागा सोडावी लागते. म्हणून तेवढ्याच उंचीच्या पट्टीत देवनागरी अक्षर लहान दिसते. पत्र्याच्या साच्यातून रंग मारायचा झाला तर 'ब', 'व', 'प' यांच्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून साच्यात बारीक पूल ठेवावे लागतात आणि तेथे अक्षर तुटलेले दिसते. वाघिणीवरची अशी तुटक अक्षरे पाहिली की ती साच्याने मारलेली आहेत, हे ओळखावे.

लिपी एक असली तरी भाषा एक नसते, हेही येथे दिसते. हिंदीत 'रेलवे', मराठीत 'रेल्वे'. मराठीत भुसावळ आणि जळगाव. हिंदी लेखनात 'भुसावल' आणि 'जलगांव'. आपला 'ळ' स्थानकाच्या पाटीवरच्या मराठी ओळीत टिकून असतो आणि हिंदी ओळीत 'ल' होतो. इंजिनावर व डब्यावर सामान्यतः हिंदी-इंग्रजीच असते, त्यामुळे तेथे त्याला जागा नसते. आपल्या जिल्ह्यातील नवापूर स्थानक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली आणि सीमारेषा थेट या स्थानकातून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत, एकाच बाकाचा अर्धा भाग एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्यात, अशी त्याची ख्याती आहे. तेथे उद्घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात.

लोकांच्या लिपीत लोकांशी बोलण्याची ही कल्पना या भूमीला नवी नाही. सम्राट अशोकाचे धम्मलेख बहुतेक ठिकाणी ब्राह्मीत आहेत, सोपाऱ्याचा लेखही ब्राह्मीत आहे. वायव्येकडे शाहबाजगढी व मानसेहरा येथे ते खरोष्ठीत आणि कंदाहारला ग्रीक व अरामी भाषांत कोरले गेले. ज्या मुलखात जी लिपी चालते ती वापरावी, हा विचार त्यामागे होता. राज्याचा शब्द प्रजेला कळला पाहिजे, हे तत्त्व दोन हजारांहून अधिक वर्षे जुने आहे. या मोजपट्टीने पाहिले तर भिली, पावरी, कोकणी, मावची या आपल्या जिल्ह्यातील मायबोलींना फलाटावर अद्याप जागा नाही, हेही नोंदवले पाहिजे.

६. आकडा बदलला, फळी केव्हा बदलली?

१९५५ मध्ये जुना पहिला वर्ग रद्द झाला. दुसऱ्याला पहिला आणि 'इंटर'ला दुसरा म्हणू लागले. तिसरा मात्र तिसराच राहिला. १९७४ मध्ये 'तिसरा वर्ग' हे नावच काढून टाकण्यात आले आणि त्या डब्यांना दुसरा वर्ग म्हटले गेले. तीन रेघांतील एक रेघ पुसली गेली. परंतु बसायला लाकडी फळीच होती. पुढे १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेले प्रा. मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील फळ्यांवर मऊ गादी बसवण्यास सुरुवात केली. १९७७ च्या डिसेंबरात मुंबई-हावडा मार्गावर वर्गविरहित 'गीतांजली एक्स्प्रेस' सुरू झाली. ती भुसावळवरूनच जाते. १९७४ चा बदल अक्षराचा होता आणि १९७७ चा वस्तुस्थितीचा. दोन्हींची गरज असते. माणसाच्या माथ्यावरचा 'तिसरा' हा शब्द पुसणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हती; पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे पाटी रंगवून काम झाल्याचे मानणे होते. नाव बदलले की माणसाची स्थिती बदलतेच असे नाही, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

७. वाचनाचा पाठ

आता प्रत्यक्ष वाचनाकडे वळू. इंजिनावर क्रमांकाच्या आधी काही रोमन अक्षरे असतात. पहिले अक्षर रुळांमधील अंतर सांगते. 'डब्ल्यू' म्हणजे १,६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज, 'वाय' म्हणजे १,००० मिलिमीटरचे मीटरगेज, 'झेड' म्हणजे ७६२ मिलिमीटरचे आणि 'एन' म्हणजे ६१० मिलिमीटरचे नॅरोगेज. त्यानंतर 'डी' असेल तर डिझेल, 'ए' असेल तर प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह, 'सी' असेल तर एकदिश प्रवाह. वाफेच्या इंजिनाला हे अक्षर नसे. मग 'पी' म्हणजे प्रवासी, 'जी' म्हणजे माल, 'एम' म्हणजे दोन्ही. त्यामुळे 'डब्ल्यू पी' हे ब्रॉडगेजचे प्रवासी वाफेचे इंजिन आणि 'डब्ल्यू ए जी' हे ब्रॉडगेजचे विजेवरचे मालगाडीचे इंजिन, हे कोणालाही सांगता येईल.

प्रवासी डब्याच्या क्रमांकातील पहिले दोन आकडे सामान्यतः तो बनल्याचे वर्ष दाखवतात. शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली रंगवलेली असते आणि 'एल.व्ही.' ही अक्षरे असलेली पाटी लावलेली असते. तिचा अर्थ 'शेवटचे वाहन'. ती दिसली की गाडी पूर्ण आली, मागे एकही डबा सुटून राहिला नाही, याची स्थानकावरील कर्मचाऱ्यास खात्री पटते. हजारो माणसांची सुरक्षितता दोन अक्षरांवर टेकलेली असते.

मालवाघिणीवर अकरा आकडे असतात. पहिले दोन वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, नंतरचे चार अनुक्रमांक आणि शेवटचा एक पडताळ्याचा आकडा. सरावासाठी आपणच एक क्रमांक रचू : ३१ ०८ १२ ३४५६. यात ३१ म्हणजे बंद वाघीण, ०८ म्हणजे पश्चिम रेल्वे, १२ म्हणजे २०१२ साल. आता अकरावा आकडा काढू. डावीकडून सम स्थानांवरील आकडे १, ८, २, ४, ६. त्यांची बेरीज २१. तिची तिप्पट ६३. विषम स्थानांवरील आकडे ३, ०, १, ३, ५. त्यांची बेरीज १२. एकूण ७५. पुढचे दहाच्या पटीतले पूर्णांक ८०. त्यासाठी ५ हवेत. म्हणून पूर्ण क्रमांक ३१०८१२३४५६५. लिहिताना एखादा आकडा चुकला, तर हा हिशेब जुळत नाही आणि चूक उघड होते. इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्याला जमेल एवढेच हे गणित आहे.

समारोप

मालकी, वर्ग आणि लिपी या तीन अंगांनी रेल्वेवरील अक्षरे पाहिली. कंपनीच्या आद्याक्षरांपासून 'प.रे.'पर्यंत, गव्हर्नरच्या नावापासून 'देशबंधु'पर्यंत आणि तीन रेघांपासून दोन रेघांपर्यंतचा हा प्रवास आहे. त्यात आणखी एक नोंद जोडली पाहिजे. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म ज्या महू येथे झाला, तेथील स्थानकाचे नाव आता 'डॉ. आंबेडकर नगर' आहे. तेथून सुटणाऱ्या माळवा एक्स्प्रेससारख्या गाड्यांच्या डब्यांवरील नामफलकावर ते नाव देशभर फिरते. ज्या मुलाला मसूरच्या फलाटावर जात विचारली गेली, त्याचे नाव आज डब्याच्या बाजूवर लिहिलेले असते.

परंतु काम संपलेले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४.४ टक्के, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत कमी होती. ऊसतोडीला आणि सुरतेच्या कामाला जाणारी आपली माणसे आजही 'हा डबा कोणता?' असे फलाटावर विचारतात. ज्याला विचारावे लागते त्याला ऐकूनही घ्यावे लागते. वसतिगृहातील एक मूल वाचायला शिकते तेव्हा त्याच्या मागे अख्खे घर फलाटावर ताठ मानेने उभे राहते. ही शाळा ज्या कार्यासाठी उभी राहिली त्याचा हाच साधा अर्थ आहे. माजी विद्यार्थ्यांनी पुढच्या प्रवासात शेजारी बसलेल्याला डब्यावरचे एक तरी अक्षर वाचून दाखवावे, आणि शक्य झाले तर वाचायला शिकवावे.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

१. जवळच्या स्थानकावर पालक किंवा शिक्षकांसोबत जाऊन, फलाटावर सुरक्षित अंतरावर उभे राहून पाच मालवाघिणींचे क्रमांक लिहून घ्या. प्रत्येकाचा पडताळ्याचा आकडा जुळतो का ते पाहा.

२. स्थानकाच्या पाटीवर किती लिपी आणि किती भाषा आहेत? दोन्ही संख्या वेगळ्या का येतात, ते सांगा.

३. आपल्या आजी-आजोबांना 'तिसऱ्या वर्गाचा' प्रवास आठवतो का, ते विचारा आणि त्यांच्या शब्दांत एक पान लिहा.

४. आपल्या मायबोलीत 'गाडी थांबवण्यासाठी साखळी ओढा' ही सूचना कशी लिहाल? देवनागरीत लिहून वर्गाच्या भिंतीवर लावा.